‘पोशम पा’ सिनेमातली ती बाई खरी कोण? गावित मायलेकींच्या प्रकरणात काय घडलं आणि आपण त्यातून काय घ्यायचं

कापडे (ता. पोलादपूर) : बाईच खुनी, तीही एकटीदुकटी नाही तर पोटच्या पोरींना सोबत घेऊन, आणि तिच्या तावडीत सापडलेलं दुसऱ्याचं लहान पोर. असा सिनेमा मोबाईलवर बघितला की रात्री झोप लागत नाही. ‘पोशम पा’ हा हिंदी सिनेमा त्यातलाच. २०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात तो झी५ या ॲपवर आला. दिग्दर्शक सुमन मुखोपाध्याय, आईच्या भूमिकेत माही गिल, मुलींच्या भूमिकेत सयानी गुप्ता आणि रागिणी खन्ना. पूर्ण सिनेमा बघणारे थोडे, पण अशा सिनेमांचे तुकडे मात्र व्हॉट्सॲपवर फिरतात. कुणी खाली लिहितो ‘सत्य घटना’, कुणी लिहितो ‘आपल्या भागात टोळी आली आहे, पोरं सांभाळा’. मग वाडीवाडीवर चर्चा सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी आया पोरांना अंगणवाडीतसुद्धा पाठवत नाहीत.

सिनेमा ज्याच्यावर बेतला ते प्रकरण खरं आहे आणि आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. पण ते ज्या रीतीने घडलं आणि सिनेमा बघून आपल्या मनात जे राहतं, यात फरक आहे. तो फरक समजून घेतला नाही तर भीती भलत्याच माणसावर जाते. त्यासाठी हा लेख.

सिनेमात काय, खऱ्यात काय

बाई खुनी आणि तिच्या ताब्यात एक असहाय माणूस, या विषयावर जगभर सिनेमे निघाले. १९९० चा ‘मिझरी’ हा अमेरिकन सिनेमा त्यात सगळ्यात गाजलेला. अपघातात जखमी झालेल्या लेखकाला एक नर्स बर्फातल्या एकट्या घरात आणून ठेवते, सेवा करते आणि सोडतच नाही. तिच्या हातून आधी लहान बाळं मेलेली असतात हे त्याला नंतर कळतं. त्या भूमिकेसाठी कॅथी बेट्स या नटीला ऑस्कर मिळालं. असल्या सिनेमांची रीत ठरलेली असते. एकटं घर, बंद खोली, काळोख, आणि बघताक्षणी अंगावर काटा येईल अशी बाई. आपल्याकडच्या हडळीच्या, जखिणीच्या गोष्टींचं हे नवं रूप म्हणायचं.

‘पोशम पा’ हे लहान मुलांच्या खेळाचं नाव. दोघांनी हात उंच धरून कमान करायची, बाकीच्यांनी खालून जायचं, आणि हात खाली आले की जो मध्ये सापडेल तो पकडला. सिनेमात दोन माहितीपट करणारे लोक तुरुंगात जाऊन शिक्षा झालेल्या बहिणींना भेटतात आणि त्यांच्याकडून गोष्ट काढून घेतात, अशी मांडणी आहे. माणसांची नावं बदललेली आहेत. काही प्रसंग रंगवलेले आहेत. सिनेमा म्हटला की ते आलंच.

खऱ्या प्रकरणात मात्र एकटं घर नव्हतं आणि काळोखही नव्हता. जे सुरू झालं ते भर दिवसा, भर गर्दीत. देवळाच्या आवारात, एस.टी. स्टँडवर, बाजारात, जत्रेत. आणि ती बाई बघितल्यावर कुणाच्याही अंगावर काटा आला नसता. कडेवर पोर घेतलेली साधी बाई, एवढंच दिसलं असतं.

मायलेकींचा धंदा

अंजनाबाई गावित ही आई. रेणुका शिंदे आणि सीमा गावित या तिच्या मुली. बिऱ्हाड पुण्यात भाड्याच्या खोलीत. धंदा पाकीटमारीचा, गळ्यातली साखळी ओढण्याचा. गर्दीची ठिकाणं गाठायची, हात मारायचा आणि निघायचं. रेणुकाचा नवराही सोबत असायचा.

१९९० च्या सुमारास पुण्यात एका देवळात रेणुका चोरी करताना पकडली गेली. त्या वेळी तिचं स्वतःचं लहान मूल तिच्याजवळ होतं. पोर पुढे करून तिने गयावया केली, लेकरूबाळ असलेली बाई चोरी कशी करेल म्हणाली. लोकांना दया आली आणि तिला सोडलं. पोलिसांनी नंतर जो तपास केला त्यानुसार इथूनच त्यांच्या डोक्यात पुढचं सगळं आलं. कडेवर पोर असलं की कुणी संशय घेत नाही. धरलं तरी सोडून देतात. मग दरवेळी आपलं पोर कशाला वापरायचं?

तिथून लहान मुलं पळवणं सुरू झालं. कोल्हापूर, पुणे, नाशिक, मुंबई-ठाण्याकडचा भाग, असा त्यांचा वावर होता. बहुतेक मुलं अगदी लहान, नीट बोलताही न येणारी. त्यातली बरीचशी भीक मागणाऱ्यांची, फुटपाथवर नाहीतर स्टँडवर राहणाऱ्यांची. मूल काही दिवस, काही महिने सोबत ठेवायचं, खायला घालायचं, कडेवर घेऊन चोऱ्या करायच्या. पोर रडायला लागलं, आजारी पडलं, नाहीतर लोकांचं लक्ष जाईल असं वाटलं की मारून टाकायचं आणि कुठेतरी टाकून पुढे निघायचं.

कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिराजवळची घटना या प्रकरणात सगळ्यांत जास्त सांगितली जाते. सीमा चोरी करताना पकडली गेली. लोक जमले. तेव्हा अंजनाबाईने जवळचं पळवून आणलेलं पोर जमिनीवर आपटलं. पोराला रक्त आलं, लोक पोराकडे धावले, आणि त्या गोंधळात चोरीची गोष्ट मागे पडली. पुढे त्या पोराचं रडणं थांबेना म्हणून त्यालाही मारून टाकलं. ते एका भिकारणीचं मूल होतं.

सहा वर्षं कुणाला पत्ता का लागला नाही

१९९० ते १९९६ अशी सहा वर्षं हे चाललं. वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की इतकी मुलं गेली आणि कुणालाच कसं कळलं नाही?

याचं उत्तर त्या मुलांच्या आईबापांत आहे. ज्याला राहायला घर नाही, शिधापत्रिका नाही, पोराचा फोटोसुद्धा नाही, त्याचं पोर स्टँडवरून गेलं तर तो जाणार कुठे? पोलीस ठाण्याची पायरी चढायची त्याला भीती. चढला तरी पहिला प्रश्न, राहतोस कुठे? दोन दिवस शोधतील, रडतील आणि पोटासाठी पुढच्या गावाला जातील. शिवाय एक मूल कोल्हापुरातलं, दुसरं नाशिककडचं. या टोकाची तक्रार त्या टोकाला जुळवून बघायची सोय त्या काळात फारशी नव्हती. मोबाईल नव्हते, सी.सी. टीव्ही नव्हते.

प्रकरण उघडकीला आलं ते वेगळ्याच वाटेने. अंजनाबाईपासून वेगळा झालेला तिचा नवरा नाशिककडे दुसरा संसार करून होता. त्या संसारातली मुलगी या मायलेकींनी जुन्या रागातून पळवली. मात्र या मुलीच्या घरच्यांना संशय कुणावर घ्यायचा ते ठाऊक होतं. त्यांनी तक्रार केली, नावं सांगितली, पाठपुरावा केला. १९९६ च्या अखेरीस त्याच घरातल्या दुसऱ्या मुलीला पळवायच्या बेतात असताना मायलेकी पोलिसांच्या हाती लागल्या. एका मुलीचा तपास करायला गेले आणि मागची सगळी साखळी बाहेर आली.

म्हणजे ज्या एका घराने तक्रार धरून ठेवली, तिथे ही साखळी तुटली. बाकी पोरांसाठी तेवढा जोर लावणारं कुणी नव्हतं.

माफीचा साक्षीदार म्हणजे काय

पोरं मेलेली, पुरावे विखुरलेले, काही घटना पाच-सहा वर्षं जुन्या. कोर्टात सिद्ध कसं करायचं? इथे रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. हा शब्द आपण बातम्यांत ऐकतो पण अर्थ नीट माहीत नसतो.

गुन्ह्यात स्वतः सामील असलेला माणूस ‘मी सगळं खरं सांगतो’ म्हणून पुढे आला, तर कोर्ट त्याला अटीवर माफी देऊ शकतं. अट एकच, काहीही न लपवता सगळं सांगायचं. खोटं बोलला किंवा लपवलं तर माफी जाते. पण एवढ्यावर काम भागत नाही. असा माणूस स्वतःची कातडी वाचवायला दुसऱ्यावर ढकलू शकतो, म्हणून त्याच्या बोलण्याला बाहेरचा आधार लागतो. सापडलेल्या वस्तू, बघणारे साक्षीदार, मुलांचे मृतदेह कुठे आणि कधी सापडले त्याच्या नोंदी, हे सगळं त्याच्या जबानीशी जुळवून बघावं लागतं.

अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच तुरुंगात मरण पावली. दोघी मुलींवर कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात खटला चालला. आरोप १३ मुलांच्या अपहरणाचा आणि त्यातल्या ९ जणांच्या खुनाचा होता. सगळ्या खुनांचा पुरावा टिकला नाही. २००१ साली सत्र न्यायालयाने दोघींना फाशी सुनावली. २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि ३१ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. शेवटपर्यंत टिकले ते पाच मुलांचे खून. आरोपी बाई आहे, एवढ्या कारणावरून शिक्षा कमी करता येणार नाही असंच सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून दिसलं.

मग फाशी का झाली नाही

हा प्रश्न आजही विचारला जातो आणि त्याची उत्तरं चुकीची दिली जातात. कुणी म्हणतं बाई म्हणून सोडलं, कुणी म्हणतं सुटून बाहेर आल्या. दोन्ही खोटं.

फाशी झालेल्या माणसाला राज्यपाल आणि राष्ट्रपती यांच्याकडे दयेचा अर्ज करता येतो. या बहिणींनी २००८ आणि २००९ मध्ये अर्ज केले. तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर, मंत्रालयातून दिल्लीला असा फिरत राहिला. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी अर्ज फेटाळले तेव्हा २०१४ उजाडलं होतं. त्याच वर्षी बहिणी उच्च न्यायालयात गेल्या. म्हणणं असं, की आमच्या अर्जावर निर्णय द्यायला सरकारने इतकी वर्षं लावली, तेवढा काळ आम्ही रोज फासाची वाट बघत कोठडीत होतो, हीच एक शिक्षा झाली.

त्यांना आधार होता तो सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१४ च्या ‘शत्रुघ्न चौहान’ निकालाचा. दयेच्या अर्जावर विनाकारण खूप उशीर लावला, तर फाशीची जन्मठेप होऊ शकते, असं त्यात म्हटलं आहे. १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. नितीन जामदार आणि न्या. सारंग कोतवाल यांनी निकाल दिला. दयेच्या अर्जांवर सात वर्षं दहा महिन्यांचा उशीर झाला आणि त्याला यंत्रणेची ढिलाई कारण आहे, असं ठरवून फाशीची जन्मठेप केली. गुन्हा किती भयंकर आहे ते कोर्टाने त्याच निकालात स्पष्ट सांगितलं. गुन्हा लहान होता म्हणून शिक्षा कमी झालेली नाही. फाईल वेळेत हलली नाही म्हणून झाली. आम्हाला सोडून द्या, ही मागणी कोर्टाने मान्य केली नाही.

पुढे प्रकरण परत सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने जन्मठेप कायम ठेवली आणि ती मरेपर्यंतची, कसलीही सूट न मिळता भोगायची, असं सांगितलं. सोबतच दयेचे अर्ज लवकर निकाली काढा, उशिराचा फायदा गुन्हेगार घेतात, अशी समजही सरकारांना दिली.

सातबाऱ्यावरची एक नोंद दुरुस्त करायला तहसीलच्या किती फेऱ्या होतात ते आपल्याला ठाऊक आहे. फाशीच्या फाईलचंही तेच झालं, एवढं समजलं की निकाल समजला.

गर्दी दोन प्रकारे चुकते

आता आपल्या गावांचा विषय. हे प्रकरण वाचून कुणी म्हणेल, बघा, म्हणूनच अनोळखी बाई, भिकारी, फिरस्ते दिसले की धरले पाहिजेत. नेमका हाच अर्थ काढला तर घात होतो. तो घात महाराष्ट्रात झालेला आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव, आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातले पाच जण तिथे आले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी फिरते अशा अफवा मोबाईलवर जोरात होत्या. लोकांना संशय आला, गर्दी जमली. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन पाचही जणांना जिवे मारण्यात आलं. त्यांच्यापैकी कुणीही पोर पळवलेलं नव्हतं. या प्रकरणात पुढे जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या. म्हणजे पाच घरं मंगळवेढ्याकडची गेली आणि मारणाऱ्यांचीही घरं उघडी पडली.

१६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच जमावाकडून मारले गेले. तिथेही चोर, मुलं पळवणारे अशी अफवाच आधी पसरली होती.

ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. कोल्हापुरात खरी गुन्हेगार बाई हातात होती, आणि कडेवर पोर बघून लोकांनी दयेने विश्वास ठेवला. राईनपाड्यात निरपराध माणसं हातात होती, आणि झोळी बघून लोकांनी भीतीने संशय घेतला. एकीकडे दया होती, दुसरीकडे राग होता. पण दोन्हीकडे कुणी विचारपूस केली नाही, पोलिसांना बोलावून खात्री केली नाही. दिसलं त्यावर ठरवलं. कोल्हापुरात पोर कुणाचं हे एकाने जरी पोलिसांसमोर धरून विचारलं असतं, तर पुढची किती पोरं वाचली असती. राईनपाड्यात एकाने जरी पोलीस येईपर्यंत खोलीचं दार राखलं असतं, तर पाच माणसं घरी गेली असती.

आपल्या तालुक्यात वासुदेव येतो, नंदीबैलवाला येतो, पोतराज येतो, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण येते. वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर बाहेरची कुटुंबं येऊन राहतात, त्यांच्या बायांच्या कडेवरही पोरं असतात. हे लोक आजचे नाहीत, आजोबा-पणजोबांच्या काळापासून येतात. शिवाय हे विसरू नये की गावितांच्या हातून गेलेली बरीचशी पोरं अशाच फिरस्त्या, गरीब लोकांची होती. पोर चोरीला जायची भीती आपल्यापेक्षा त्यांना जास्त आहे.

ती ‘कराची’ची क्लिप

२०१८ च्या अफवांत एक व्हिडिओ देशभर फिरला. गल्लीत पोरं खेळतायत, मोटरसायकलवर दोघे येतात आणि एक पोर उचलून पळतात. बघणाऱ्याला वाटतं, हे आपल्याच भागातलं. प्रत्यक्षात तो पाकिस्तानातल्या कराचीत बनवलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. पूर्ण व्हिडिओत ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. कुणीतरी शेवटचा भाग कापला आणि उरलेला तुकडा सोडून दिला. त्या तुकड्यावर माणसं मेली. त्यानंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

सिनेमाच्या तुकड्याचंही असंच होतं. म्हणून क्लिप आली की तीन गोष्टी बघायच्या. गाव आणि तारीख लिहिली आहे का? पोलिसांनी किंवा वर्तमानपत्राने तसं सांगितलं आहे का? वर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ अशी दोन बाणांची खूण आहे का? शंका आली तर पोलीस पाटलांना नाहीतर पोलादपूर किंवा महाड पोलीस ठाण्यात फोन करून विचारावं. पुढे पाठवायची घाई करू नये. अफवा पसरवणं हा गुन्हा आहे, आणि ग्रुपवर कुणी काय टाकलं हे मोबाईलवरून पोलिसांना सापडतं.

पोर दिसत नसेल तर काय करायचं

खरा धडा इथे आहे. गर्दीत पोर हरवणं कुणाच्याही बाबतीत घडू शकतं. महाडला वीरेश्वराच्या छबिन्याला, चवदार तळ्यावर २० मार्चला, रायगडावर राज्याभिषेक सोहळ्याला किती माणूस लोटतं ते आपण बघतो. गणपतीत चाकरमानी येतात-जातात तेव्हा महाड, पोलादपूर स्टँडवर आणि वीर रेल्वे स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते.

एक. चोवीस तास थांबायचं नाही. ‘एक दिवस वाट बघा, मग या’ असा कुठलाही नियम नाही. उलट पहिले दोन-तीन तास सगळ्यात मोलाचे. आजूबाजूला हाक मारून बघितलं आणि पोर सापडलं नाही, की लगेच ११२ वर फोन करावा. लहान मुलांसाठी १०९८ हा वेगळा नंबर आहे. दोन्ही चोवीस तास चालू आणि मोफत. रेल्वेत किंवा स्टेशनवर असाल तर १३९.

दोन. पोलिसांनी गुन्हा नोंदवायलाच हवा. ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये सांगितलं आहे की मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवलं गेलं असं धरूनच एफ.आय.आर. नोंदवायचा. नुसती डायरीत नोंद करून परत पाठवायचं नाही. एफ.आय.आर.ची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते.

तीन. हद्दीचा वाद मध्ये येत नाही. पोर महाडच्या स्टँडवर हरवलं आणि तुम्ही पोलादपूरला पोचलात, तरी पोलादपूर ठाण्याने तक्रार घेऊन पुढे पाठवायची असते. याला झिरो एफ.आय.आर. म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तो स्पष्ट लिहिला आहे. तक्रार घेतली नाही तर अलिबागला जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो.

चार. सांगायची माहिती तयार ठेवावी. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, उंची, अंगावरची खूण, पोर कुठल्या नावाने हाक मारली की बघतं ते. जत्रेला निघताना पोराचा त्याच कपड्यांत एक फोटो मोबाईलवर काढून ठेवला तर फार उपयोग होतो. पोराच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. बाहेरून दिसेल असं नाव लिहू नये, नावाने हाक मारली की पोर कुणाबरोबरही जातं.

पाच. घरातलं भांडण, नात्यातला वाद, कुणावर संशय असेल तर लाजेकाजेसाठी लपवू नये. गावित प्रकरण उघडकीला आलं ते घरच्यांनी नावं घेऊन संशय सांगितल्यामुळेच. मात्र संशय पोलिसांना सांगायचा, ग्रुपवर टाकायचा नाही.

सहा. तक्रार देऊन गप्प बसू नये. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करी रोखणाऱ्या पोलीस कक्षाकडे द्यायचा असतो. तो दिला का, हे विचारत राहावं. राज्यात हरवलेली मुलं शोधण्यासाठी पोलिसांची ‘ऑपरेशन मुस्कान’ मोहीम वेळोवेळी चालते.

शंका आलीच तर

कुणा माणसाबरोबरचं पोर त्याचं नाही असं खरंच वाटलं, तर काय करावं? कडेवर पोर आहे म्हणून सोडूनही द्यायचं नाही आणि अंगाला हातही लावायचा नाही. ११२ वर फोन करावा, पोलीस पाटलांना बोलवावं, चार समजूतदार माणसांनी आणि गावातल्या एक-दोन बायांनी थांबून राहावं. पोराशी बोलण्याचं काम बायांनी करावं. तरण्या पोरांना मोबाईलवर शूटिंग करू देऊ नये, त्यानेच गर्दी वाढते आणि चेव येतो. जमावात कुणी मेलं तर ‘मी एकच चापट मारली’ हे कोर्टात चालत नाही. जमावातल्या प्रत्येकावर खुनाचा गुन्हा लागू शकतो.

एकटं, हरवलेलं मूल आपल्याला सापडलं तर ते घरी ठेवून घेणंही बरोबर नाही, मन कितीही चांगलं असलं तरी. चोवीस तासांच्या आत पोलीस किंवा १०९८ ला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. मग मूल बाल कल्याण समितीपुढे जातं आणि आईबापांचा शोध सुरू होतो. गावागावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. आपल्या ग्रामपंचायतीत ती कागदावर आहे की बसते, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

आणि सिनेमा?

मोठ्या माणसांनी बघावा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण पोरांच्या हातात मोबाईल देताना एक काम करावं. ॲपवरच्या सिनेमांना आता वयाची खूण असते, ‘ए’ म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. ॲपच्या सेटिंगमध्ये पालकांसाठी पिन टाकायची सोय असते. ती टाकली की असले सिनेमे पोराला उघडत नाहीत. व्हॉट्सॲपवर आलेल्या तुकड्याला मात्र कुठलाच पिन अडवत नाही, तो आपणच पुढे न पाठवून अडवायचा.

सिनेमा संपला की त्यातली बाई संपते. खऱ्या प्रकरणातल्या पोरांपैकी काहींचे आईबाप भीक मागत होते, त्यांची तक्रार कुणी घेतली नाही किंवा ती द्यायला ते पोचलेच नाहीत. उद्या कापडे फाट्यावर, महाडच्या स्टँडवर एखादी परकी बाई ‘माझं पोर दिसत नाही’ म्हणत रडत आली, तर तिला हाकलू नये. तिच्यासाठी ११२ लावून द्यावा आणि पोलीस येईपर्यंत तिच्याजवळ थांबावं.